तात्पुरती कॅप आणि ब्रिज: साहित्याचे गुणधर्म, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

तात्पुरती कॅप दुसऱ्याच दिवशी निघून हातात येते, ब्रिज जोडावर तुटतो, नस जिवंत असलेला दात गार पाण्याने ठणकू लागतो किंवा लॅबमधून आलेली कायमची कॅप शेजारच्या दातांत अडकून खाली बसतच नाही. या चारही तक्रारी घेऊन तरुण दंतवैद्य माझ्याकडे येतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा साहित्याच्या दर्जाला दिला जातो. प्रत्यक्षात हाती कोणते साहित्य आहे याचा विचार न करता एकाच ठरलेल्या पद्धतीने काम केलेले असते. पावडर-लिक्विडचे ॲक्रिलिक आणि काडतुसातून येणारे बिस-ॲक्रिल दिसायला सारखे दाताच्या रंगाचे असले, तरी ते वेगळ्या तऱ्हेने कडक होतात, वेगळ्या तऱ्हेने तुटतात आणि वेगळ्या तऱ्हेने जोडावे लागतात. पुढील टप्प्यांचा क्रम याच फरकावर बेतलेला आहे. तो दंतवैद्य, इंटर्न आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी लिहिला आहे. रुग्णांनी घरी करून पाहण्याची ही गोष्ट नाही.

टप्पा १: हातातले साहित्य ओळखणे

पावडर-लिक्विडच्या ॲक्रिलिकमध्ये पावडर ही पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटची आणि लिक्विड हे मिथाइल मेथॅक्रिलेट मोनोमरचे असते. या मोनोमरचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. साखळ्यांमध्ये आडवे टाके फार थोडे असतात. त्यामुळे हे ॲक्रिलिक चिवट असते, थोडे वाकले तरी लगेच तुटत नाही, आणि ताजे लिक्विड लावले की जुना पृष्ठभाग विरघळून नवा थर त्याच्याशी एकजीव होतो. दुरुस्ती आणि अस्तर भरणे (कॅप नेमकी बसावी म्हणून आतून ताज्या साहित्याचा थर देणे) यांसाठी याहून सोयीचे साहित्य नाही. पण याच मोनोमरचे तीन दोष आहेत. कडक होताना ते बरीच उष्णता सोडते. पावडर आणि लिक्विड आकारमानाने सुमारे ३:१ घेतल्यास मिश्रण साधारण ६ ते ७ टक्के आकसते. शिवाय न जुळलेला मोनोमर हिरडीला आणि डेंटिनला (दाताच्या बाहेरच्या कवचाखालच्या थराला) त्रासदायक ठरतो.

पॉलिइथाइल मेथॅक्रिलेट हे त्याच घराण्यातले, पण कमी तापणारे आणि अधिक मऊ साहित्य आहे. ते झिजते लवकर आणि डागही लवकर धरते, म्हणून मी ते नस जिवंत असलेल्या एकट्या दातासाठी आणि थोड्या दिवसांसाठीच सुचवतो.

बिस-ॲक्रिल हे खरे तर कंपोझिटचे (दाताच्या रंगाच्या भरणाच्या रेझिनचे) भावंड आहे. प्रोटेम्प, लक्साटेम्प ही त्याची बाजारातली नावे बहुतेकांना परिचित असतील. यातल्या मोनोमरचे रेणू मोठे असतात आणि ते दोन्ही टोकांनी जुळतात, त्यामुळे साखळ्यांचे विणलेले जाळे तयार होते. त्यात काचेचे बारीक कणही मिसळलेले असतात. परिणामी ते कमी तापते, कमी आकसते, ताठ असते आणि कमी झिजते. या ताठपणाबरोबर ठिसूळपणा येतो. बिस-ॲक्रिल वाकत नाही, मोडते, आणि विणलेल्या जाळ्यात मोनोमर शिरू शकत नसल्याने मिथाइल मेथॅक्रिलेटचे लिक्विड लावून त्याची दुरुस्ती होत नाही. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती इथेच, सुरुवातीलाच नोंदवतो.

उजेडाने कडक होणारी युरेथेन डायमेथॅक्रिलेटची साहित्ये, पॉलिकार्बोनेटच्या तयार टोप्या आणि लहान मुलांच्या दाढांसाठीच्या स्टेनलेस स्टीलच्या टोप्या यांना आपापली जागा आहे. पॉलिकार्बोनेटची तयार टोपी आतून ॲक्रिलिकने भरूनच बसवायची असते. नुसती सिमेंटने चिकटवलेली अशी टोपी मार्जिनवर (दाताचा कापलेला भाग जिथे संपतो त्या कडेवर) कधीच नीट बसत नाही.

*निवडीचा नियम:* नस जिवंत असलेला एकटा दात आणि दोन-तीन आठवड्यांचा काळ असेल, तर बिस-ॲक्रिल. लांब ब्रिज असेल, किंवा अस्तर पुन्हा पुन्हा बदलावे लागणार असेल, तर ॲक्रिलिक, आणि तेही शक्यतो तोंडाबाहेर, कास्टवर (दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर) बनवलेले. इम्प्लांट किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेमुळे काही महिने थांबायचे असेल, तर लॅबमध्ये उष्णतेने पक्के केलेले किंवा यंत्रावर ठोकळ्यातून कापलेले पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. अशा ठोकळ्यात पोकळ्या आणि उरलेला मोनोमर दोन्ही फार कमी असतात, आणि त्याचे आकसणे कापण्याआधीच होऊन गेलेले असते.

टप्पा २: दात कापण्याआधीचा साचा

हा टप्पा बर (दात कापण्याचे फिरते टोक) हातात घेण्यापूर्वीचा आहे, हे सांगण्याची गरज पडू नये. पण घाईच्या दिवशी नेमका हाच विसरला जातो. दात कापल्यानंतर त्याचा मूळ आकार परत मिळवण्यासाठी लागणारा वेळ साचा घेण्याच्या वेळेच्या कितीतरी पट असतो.

दात तुटका असेल, तर आधी तो मेणाने किंवा कंपोझिटने आकारात आणावा आणि मग पुटीचा (कणकेसारख्या मळायच्या सिलिकॉनचा) किंवा अल्जिनेटचा (पाण्यात कालवून माप घेण्याच्या साहित्याचा) साचा घ्यावा. कंपोझिट केवळ आकारापुरते ठेवायचे असल्यास एच आणि बाँड (आम्ल लावून दाताला पक्के चिकटवणे) करू नये. ब्रिजसाठी जिथे दात नाही तिथे अभ्यासाच्या कास्टवर मेणाचा किंवा तयार ॲक्रिलिकचा दात बसवून त्यावरून पुटी घ्यावी.

साचा कशाचा आहे, याचा संबंध थेट उष्णतेशी आहे. अल्जिनेट आणि पुटी यांचे वस्तुमान जास्त असल्याने ती कडक होणाऱ्या ॲक्रिलिकची बरीच उष्णता शोषून घेतात. व्हॅक्यूमवर ओढलेली प्लास्टिकची पातळ पट्टी ती उष्णता फारशी शोषत नाही आणि दात अधिक तापतो. पारदर्शक पट्टीतून आतले दिसते आणि उजेडही आत जातो, हे खरे. पण त्यात मिथाइल मेथॅक्रिलेट भरून ते नस जिवंत असलेल्या दातावर घट्ट होऊ देणे मला मान्य नाही.

पुटी घट्ट झाली की दोन दातांमधले तिचे पातळ पडदे धारदार पात्याने कापून टाकावेत. ते तसेच राहिले, तर साचा पुन्हा बसवताना दुमडतात, आणि ब्रिजचा जोड नेमका तिथेच बारीक होतो. कडेला इंग्रजी व्ही आकाराच्या दोन-तीन खाचा पाडाव्यात, म्हणजे जास्तीचे साहित्य तिथून बाहेर पडेल आणि चावण्याचा पृष्ठभाग उंच राहणार नाही.

*सावधान:* ॲडिशन सिलिकॉनची (माप घेण्याच्या सिलिकॉनच्या एका प्रकाराची) पुटी लॅटेक्सचे हातमोजे घालून मळू नये. लॅटेक्समधल्या गंधकाच्या संयुगांमुळे तिचे कडक होणे अडते. नायट्राइल किंवा व्हिनाइलचे हातमोजे वापरावेत.

*तपासणी:* साचा न कापलेल्या दातांवर परत बसवून पाहावा. तो डुगडुगत असेल, तर पुढचे सर्व काम डुगडुगणार आहे.

टप्पा ३: जागा पुरेशी आहे का

बिस-ॲक्रिलला चावण्याच्या पृष्ठभागावर सुमारे दीड मिलिमीटर जाडी हवी. त्याहून पातळ थर दाढेखाली चिरतो. कायमच्या कॅपलाही बहुधा तेवढीच जागा लागत असल्याने तात्पुरती कॅप हे दात कापण्याचे मोजमापच असते. तयार झालेली कॅप जाडी मोजण्याच्या कॅलिपरमध्ये धरावी. एखाद्या कंगोऱ्यावर आकडा ०.८ मिलिमीटर आला, तर तिथे दात कमी कापला गेला आहे. तो आत्ताच कापावा. तात्पुरती कॅप तिथे भोक पडेपर्यंत घासत बसणाऱ्याला लॅबकडूनही तसेच भोक पडलेले काम येते.

टप्पा ४: माप आधी की तात्पुरती कॅप आधी

या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण अनेकांना न उलगडणारी एक तक्रार यातूनच उगवते: कायमच्या कॅपसाठी सिलिकॉनचे माप घेतले, ते पाहिले, तर दाताच्या मार्जिनवर सिलिकॉन चिकट, न घट्ट झालेले. दुसऱ्यांदा घेतले तरी तेच. शेवटी सिलिकॉनच्या कंपनीला दोष दिला जातो.

बिस-ॲक्रिलचा जो पृष्ठभाग हवेला उघडा राहतो, त्यावर प्राणवायूमुळे न जुळलेल्या रेझिनचा चिकट थर उरतो. तात्पुरती कॅप आधी बनवली, तर या थराचा अंश दातावर आणि हिरडीवर राहतो, आणि तोच ॲडिशन सिलिकॉनचे कडक होणे अडवतो. ताज्या कंपोझिटचा कोअर (तुटक्या दाताचा आतला गाभा) बांधून लगेच माप घेतल्यावरही हेच घडते.

म्हणून सामान्य क्रम असा: दात कापणे, मग कायमचे माप, मग तात्पुरती कॅप. पण टप्पा ३ मध्ये सांगितलेली जाडीची तपासणी करायची असेल, तर कॅप आधी बनवणेच शहाणपणाचे ठरते. तेव्हा कॅप काढल्यावर दात, कोअर आणि शेजारचे दात अल्कोहोलने पुसावेत, प्यूमिसने (घासण्याच्या बारीक पुडीने) हलके घासावेत, भरपूर पाण्याने धुवावेत आणि त्यानंतरच माप घ्यावे. दोन्ही क्रम चालतात. मधली साफसफाई गाळून दुसरा क्रम चालत नाही.

*तपासणी:* मापातल्या मार्जिनवरून बोट फिरवावे. बोटाला चिकटपणा लागला, तर ते माप लॅबला पाठवू नये.

टप्पा ५: दाताची तयारी

कोअर कंपोझिटचा असेल, तर त्यावर पेट्रोलियम जेलीचा किंवा ग्लिसरीनचा अतिशय पातळ थर द्यावा. अन्यथा तात्पुरती कॅप कोअरला रासायनिकरीत्या चिकटून बसते आणि कापूनच काढावी लागते. थर जाड झाला, तर कॅप आतून सैल आणि खडबडीत होते. बोटाने लावून कापसाने पुसून घेतल्यावर जे उरते, तेवढे पुरे.

दुसरी तयारी शेजारच्या दातांची. तिरके दात, हिरडीजवळच्या पोकळ जागा, जुन्या भरणांच्या कडा यांत साहित्य शिरते आणि घट्ट झाल्यावर कुलुपासारखे अडकते. अशा जागा मेणाने किंवा टेफ्लॉनच्या पट्टीने आधीच भराव्यात. माझ्या पहिल्या काही वर्षांत एका आजोबांच्या खालच्या जबड्यातला तीन दातांचा ॲक्रिलिकचा ब्रिज असाच अडकला होता. झुकलेल्या अक्कलदाढेखालची पोकळी मी भरली नव्हती. तो ब्रिज तुकडे करून काढावा लागला, आणि त्या तासाभरात त्या बिचाऱ्यांनी एकदाही तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हापासून साहित्य भरण्याआधी आरशात शेजारचे दात पाहणे मी कधीही टाळलेले नाही.

नस जिवंत असलेला दात हवेने कोरडा ठणठणीत करू नये. किंचित ओलावा राहू द्यावा.

टप्पा ६: मिसळणे आणि भरणे

काडतुसातून आधी थोडे साहित्य कागदावर काढावे आणि दोन्ही नळ्यांतून ते सारखे येते आहे, याची खात्री करून मगच मिसळण्याचे टोक बसवावे. बेस आणि कॅटॅलिस्टचे प्रमाण अनेक उत्पादनांत १०:१ असते. त्यामुळे कॅटॅलिस्टच्या बारीक नळीत घट्ट झालेला एक दाणाही सगळी कॅप मऊ ठेवायला पुरतो. टोकातून आलेला पहिला वाटाण्याएवढा भाग टाकून द्यावा. साचा भरताना चावण्याच्या कडेपासून सुरुवात करावी आणि टोक साहित्यात बुडालेलेच ठेवावे. ते वर-खाली केले, की हवेचे बुडबुडे आत कोंडले जातात.

ॲक्रिलिकसाठी भांड्यात आधी लिक्विड घ्यावे आणि पावडर हळूहळू भिजवावी. मिश्रण रवाळ, मग ताणले की तार सुटणारे, मग कणकेसारखे, मग रबरासारखे आणि शेवटी कडक, अशा अवस्थांतून जाते. चकाकी जाऊन कणकेची अवस्था सुरू होते, तेव्हा ते तोंडात नेण्याजोगे होते. पातळ मिश्रण नेले, तर त्यात मोनोमर जास्त असतो. म्हणजे आकसणे जास्त, उष्णता जास्त आणि हिरडीची आगही जास्त.

हवामानाचा विचार करावा. विदर्भात मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत हेच मिश्रण अपेक्षेपेक्षा फार लवकर घट्ट होते. हिवाळ्यात नाशिकला त्याच प्रमाणाला अधिक वेळ लागतो. काचेचे भांडे आधी गार करून ठेवल्यास उन्हाळ्यात थोडा वेळ हाती राहतो.

*सावधान:* मिथाइल मेथॅक्रिलेटचे लिक्विड पटकन पेट घेते. त्याच्या वाफा सुमारे १० अंश सेल्सिअसपासूनच पेटू शकतात. मेण गरम करण्याचा दिवा आणि लिक्विडची उघडी बाटली एका टेबलावर ठेवू नये. हे लिक्विड हातमोज्यांतूनही झिरपते आणि नेहमी हाताळणाऱ्यांच्या त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून मिश्रण बोटांनी मळण्याची सवय सोडावी.

टप्पा ७: काढण्याची वेळ

साऱ्या कामात चुकायला सर्वाधिक वाव इथे आहे. लवकर काढले, तर मार्जिन ओढले जाऊन कॅप वेडीवाकडी होते. उशीर केला, तर ती अडकते किंवा दात भाजतो.

उष्णतेचे गांभीर्य आकड्यांत समजून घ्यावे. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये रीसस माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात पल्पचे (दाताच्या आतल्या जिवंत नसेचे) तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने वाढवल्यावर १५ टक्के दातांचा पल्प सावरला नाही. वाढ सुमारे ११ अंश झाल्यावर हे प्रमाण ६० टक्क्यांवर गेले. माकडाचा दात माणसाच्या दाताहून लहान असतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. परंतु कापून पातळ झालेल्या डेंटिनखालच्या पल्पला फार सवलत नसते, एवढे त्यांतून नक्की कळते. रुग्णाला भूल दिलेली असल्याने त्या क्षणी तो तक्रारही करत नाही. तक्रार येते ती दोन दिवसांनी.

ॲक्रिलिकची पद्धत अशी: मिश्रण रबराच्या अवस्थेकडे झुकू लागले की साचा काढावा, कॅप दातावरून एक-दोन मिलिमीटर उचलावी आणि परत बसवावी. ही उठबस पाण्याचा फवारा मारत तीन-चार वेळा करावी. याने दात थंड राहतो आणि कॅप पोकळ्यांत अडकत नाही. कॅप आकार धरू लागली, पण पूर्ण तापण्याआधीच, ती तोंडाबाहेर काढावी आणि कोमट पाण्यात ठेवून उरलेले कडक होणे तिथे पूर्ण होऊ द्यावे. दाबाचे भांडे असेल तर उत्तम; पोकळ्या कमी होतात. नस जिवंत असलेल्या दातांवरच्या लांब ब्रिजसाठी त्याहून चांगला मार्ग म्हणजे कापलेल्या दातांचे अल्जिनेटचे माप घेऊन लवकर घट्ट होणाऱ्या प्लास्टरचा कास्ट ओतणे आणि ॲक्रिलिक त्यावर घट्ट करणे. वीस मिनिटे जास्त लागतात. दात मात्र मोनोमर आणि उष्णता या दोहोंपासून वाचतो आणि मार्जिनही अधिक नेमके येते.

बिस-ॲक्रिलला ही उठबस सोसत नाही. त्याची लवचीक अवस्था थोडा वेळच टिकते. बहुतेक उत्पादनांत ती मिसळायला सुरुवात केल्यापासून दोन ते तीन मिनिटांच्या आसपास असते आणि नेमके आकडे उत्पादनाच्या पत्रकात छापलेले असतात. ते आकडे भिंतीवर चिकटवावेत आणि घड्याळ लावूनच काम करावे. त्या वेळात साचा एकदाच सरळ वर उचलावा. कॅप दातावर राहिली, तर दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन ती काढावी. एका बाजूने उचकटल्यास मार्जिन फाटते.

*तपासणी:* भांड्यातला किंवा कागदावरचा उरलेला थेंब पाहून अंदाज बांधू नये. तोंडात ऊब असते, त्यामुळे आतले साहित्य बाहेरच्या थेंबाच्या आधी घट्ट होते. साच्याच्या कडेला तोंडातच बाहेर आलेल्या जास्तीच्या भागावर टोकदार उपकरण टेकवावे: खड्डा पडून भरून आला, तर वेळ झाली, खड्डा तसाच राहिला, तर अजून थांबावे, खड्डाच पडला नाही, तर उशीर झाला.

टप्पा ८: मार्जिन, संपर्क आणि अस्तर

बिस-ॲक्रिलची कॅप बाहेर आल्यावर चिकट थर अल्कोहोलने पुसावा. नंतर तीक्ष्ण पेन्सिलीने आतून मार्जिनची रेषा आखावी आणि जास्तीचा भाग त्या रेषेपर्यंतच घासावा. रेषा दिसत राहिली पाहिजे. पेन्सिल न वापरता अंदाजाने घासणाऱ्यांच्या हातून मार्जिन नेमके एका जागी आखूड होते, आणि तिथे हिरडी आत सरकते किंवा सुजते. सुजलेल्या हिरडीमुळे कायमच्या कॅपच्या दिवशी रक्त येते आणि सिमेंट बिघडते.

आकसण्यामुळे कॅप मार्जिनवर उघडी पडली असेल, तर अस्तर भरावे. ॲक्रिलिकच्या कॅपचा आतला भाग बरने थोडा पोकळ करावा, मार्जिनची कड किंचित बाहेरून तिरकी करावी, लिक्विड लावावे आणि पातळसर ताजे मिश्रण भरून ती बसवावी. पुन्हा तीच उठबस, तोच फवारा. अस्तराचा थर पातळ असल्याने आकसणे आणि तापणे दोन्ही कमी असते. बिस-ॲक्रिल मात्र घासून खडबडीत करावे, बाँडिंगचा थर द्यावा, फ्लोएबल (पातळ, वाहते) कंपोझिट लावावे आणि उजेडाने घट्ट करावे.

शेजारच्या दाताशी संपर्क फ्लॉसने तपासावा. फ्लॉस अडखळत, टक् असा आवाज करत जायला हवा. संपर्क सुटलेला असेल किंवा समोरच्या जबड्यातल्या दाताशी चावा लागत नसेल, तर पंधरा दिवसांत दात सरकतात, आणि मग कायमची कॅप बसत नाही. घासण्याचे काम कितीही सुबक झाले, तरी संपर्क नसलेली कॅप पुन्हा बनवावी.

टप्पा ९: ब्रिजचा जोड

तुळईचे गणित इथे तसेच्या तसे लागू होते. आधारदातांमधले अंतर दुप्पट झाले, तर त्याच भाराखाली वाकणे आठपट होते. जोडाची उंची निम्मी झाली, तरी वाकणे आठपटच होते. रुंदी दुप्पट केल्याने फक्त निम्म्याचा फायदा होतो. म्हणून जोडाला हिरडीपासून चावण्याच्या बाजूपर्यंत मिळेल तेवढी उंची द्यावी. साधारण तीन मिलिमीटर उंच आणि तीन मिलिमीटर रुंद याखाली जाऊ नये. समोरच्या दातांत सौंदर्यासाठी जोड बारीक कोरण्याचा मोह होतो. तो जिभेच्या बाजूला साहित्य वाढवून भरून काढावा. खालची जागा मात्र ब्रश आणि फ्लॉस जाण्याइतकी मोकळी हवी, आणि पाँटिकची (गेलेल्या दाताच्या जागी येणाऱ्या ब्रिजच्या दाताची) खालची बाजू गोलसर, गुळगुळीत.

काचेचा किंवा पॉलिइथिलीनचा धागा घालायचा असेल, तर त्याची जागा महत्त्वाची आहे. चावताना पाँटिक खाली दबते आणि ताण हिरडीकडच्या बाजूला येतो, म्हणून धागा तिकडे हवा. चावण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवलेला धागा नुसता दिसतो, काम करत नाही. धागा रेझिनने पूर्ण भिजलेला असावा. कोरडा धागा म्हणजे आत ठेवलेली चीर.

टप्पा १०: चकाकी

खडबडीतपणा सरासरी ०.२ मायक्रोमीटरच्या खाली आल्यावर प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचण्यात आणखी फारसा फरक पडत नाही, असे मानले जाते. त्याहून खडबडीत कॅपवर मात्र तो झपाट्याने वाढतो. ॲक्रिलिक ओल्या प्यूमिसवर, कमी दाबाने घासावे. कोरड्या चाकावर ते तापून वितळते आणि मार्जिन गोल होते. बिस-ॲक्रिलसाठी जाड ते बारीक अशा क्रमाने डिस्क वापराव्यात. घासून झालेल्या पृष्ठभागावर वार्निश लावून चकाकी आणण्यापुरते थांबू नये, खालचा खडबडीतपणा तसाच राहतो.

आपल्याकडे डागांची बाब अधिक गंभीर आहे, कारण रोजच्या जेवणात हळद आहे. हळदीतले करक्युमिन रेझिनमध्ये शिरते आणि पिवळा डाग ब्रशने जात नाही. समोरच्या दाताची कॅप असेल, तर रुग्णाला हे आधीच सांगावे, म्हणजे तो आठवड्याने रागावून येणार नाही.

टप्पा ११: सिमेंट

युजेनॉल (काही तात्पुरत्या सिमेंटमधले लवंगतेलाचे द्रव्य) मोकळ्या रॅडिकल्सना पकडते, म्हणजे रेझिन कडक होण्याची क्रियाच अडवते. ते तात्पुरत्या कॅपचे रेझिन मऊही करते. कायमची कॅप रेझिन सिमेंटने बसवायची असेल किंवा तात्पुरत्या कॅपला पुढे अस्तर लागणार असेल, तर युजेनॉल नसलेले झिंक ऑक्साइडचे सिमेंट वापरावे. दात आखूड असून कॅप सारखी निघत असेल, तर पॉलिकार्बोक्झिलेट सिमेंट चालते. पकड वाढवण्यासाठी कायमचे सिमेंट वापरू नये; कॅप काढताना कोअर सोबत येतो.

सिमेंट कॅपभर भरू नये. मार्जिनपासून थोडे आत, आतल्या भिंतींवर पातळ थर पुरतो. चावून बसवावे, घट्ट झाल्यावर टोकदार उपकरणाने आणि गाठ मारलेल्या फ्लॉसने कडा साफ कराव्यात. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण महागड्या साहित्याचे सर्व फायदे घालवतो. ब्रिजच्या पाँटिकखालूनही फ्लॉस फिरवावा.

*तपासणी:* चावा सिमेंट लावण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा आर्टिक्युलेटिंग पेपरने (चाव्याचे ठसे उमटवणाऱ्या रंगीत कागदाने) पाहावा. सिमेंटचा थर कॅपला किंचित उंच करतो. आडव्या हालचालींतले ठसे विशेष पाहावेत. तोडणारा भार तोच असतो.

टप्पा १२: रुग्णाला काय सांगावे

चिक्की, ऊस, सुपारी आणि चिकट मिठाई टाळावी, शक्यतो दुसऱ्या बाजूने चावावे. फ्लॉस करताना तो वर ओढू नये, बाजूने बाहेर काढावा. कॅप निघालीच, तर डबीत ठेवून लगेच यावे. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती लावू नये. एक सूचना ठळकपणे द्यावी: त्रास नाही म्हणून पुढची तारीख टाळू नये. सिमेंट हळूहळू विरघळते, कॅप जागेवर दिसत असतानाच आत दात किडतो, आणि हे रुग्णाला दुखू लागेपर्यंत कळत नाही.

टप्पा १३: काढताना

चिमट्याने कॅप हळू हलवत, ज्या दिशेने ती बसली त्याच दिशेने ओढावी. नंतर ती धुऊन आतून पाहावी. एखाद्या कोपऱ्यातले सिमेंट वाहून गेले असेल, तर तिथे मार्जिन उघडे होते. त्याच जागी दात कीड किंवा संवेदनशीलता दाखवतो का, ते तपासावे. चावण्याच्या पृष्ठभागावर झिजून चकाकलेला ठसा असेल, तर कायमच्या कॅपवर तिथे जादा भार येणार आहे. काढलेली कॅप टाकून देऊ नये. कायमची कॅप ट्रायलमध्ये बसली नाही, रंग जुळला नाही किंवा लॅबला परत पाठवावी लागली, तर त्याच संध्याकाळी ही तात्पुरती कॅप पुन्हा लागते. म्हणून कायमची कॅप सिमेंटने पक्की होऊन चावा तपासून होईपर्यंत ती पाण्याच्या वाटीत टेबलावरच असावी.